कूलरचा कारखाना, अडकलेली उधारी आणि न ऐकणारे काकाजी

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. विचारणारा तिशीतला आहे. नागपूरला वाडीकडे वडिलांचा लोखंडी बॉडीच्या डेझर्ट कूलरचा कारखाना आहे. सिझनमध्ये वीसेक माणसं, एरवी आठ-नऊ. माल नागपूर शहरात, वर्धा-यवतमाळ-चंद्रपूर-गोंदियाला आणि पलीकडे मध्य प्रदेशात छिंदवाडा-बालाघाटपर्यंत जातो. विक्री बरी आहे, पण हातात पैसा नाही. दिवाळी तोंडावर आली तरी उन्हाळ्यातली जवळपास निम्मी उधारी बाहेरच आहे. वडिलांच्या वेळचे हेड मिस्त्री, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात, तेच डिस्पॅचही बघतात आणि ‘माझं ऐकतच नाहीत, त्यांना काढू का?’ असा दुसरा प्रश्न आहे. तिसरा प्रश्न असा की दीड लाख रुपये इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीत घालून स्वतःचा ब्रँड उभा करावा का.

मी नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचं कॉस्टिंग आणि वसुली बघतो. कूलरवाले त्यात बरेच. तुम्ही वसुली, काकाजी आणि जाहिरात असे तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो: तुमच्या गेटमधून उधार माल बाहेर पडताना ‘हो’ कोण म्हणतं? तुमच्याच मजकुरात मधेच एक ओळ येऊन गेली आहे, ‘डीलर बाबांना फोन करतात आणि मला दुसऱ्या दिवशी कळतं.’ तुम्ही ती सहज लिहिली असेल, मी तिथेच थांबलो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. फर्म कोणाच्या नावावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रोप्रायटरशिप वडिलांच्या नावावर असेल तर बँकेची लिमिट, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), चेकवरची सही सगळं त्यांचं. मग तुमचा अधिकार त्यांनी दिला तेवढाच. भागीदारी असेल तर बोलणी वेगळ्या पायरीवरून सुरू होतात. दुसरं म्हणजे एकच डीलर तुमचा तिसरा हिस्सा माल उचलत असेल, तर खाली लिहिलेलं त्याला जसंच्या तसं लावू नका, त्याच्याशी स्वतंत्र बसावं लागेल. आणि तिसरं, वडिलांचा घरखर्च याच धंद्यातून निघतो की त्यांची वेगळी सोय आहे, यावरही बरंच ठरतं. ज्याची म्हातारपणाची सोय या गल्ल्यातच आहे तो माणूस गल्ल्याची चावी सोडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता कूलरच्या धंद्याचा स्वभाव बघू. ही गोष्ट किराणा किंवा हार्डवेअरसारखी बारमाही नाही. कूलर चालतो कोरड्या हवेवर. ताट्यांवरून, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या पॅडवरून, उतरणारं पाणी वाफ होऊन उष्णता शोषतं, म्हणून आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत तो झकास चालतो आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की दुसऱ्या दिवशी तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. म्हणजे ज्या दिवशी ढग येतात त्या दिवशी गिऱ्हाईक संपतं, आणि गिऱ्हाईक संपलं की डीलरला तुम्ही आठवायचं काही कारण उरत नाही. एप्रिलमध्ये त्याला तुमची गरज असते, जुलैत तुम्हाला त्याची. वसुलीचं सगळं गणित या दोन महिन्यांत उलटतं. तुमचा डीलर वाईट आहे असं मी म्हणत नाही. तोही फॅन-कूलरवरून उठून पोळ्याच्या आत मिक्सर आणि दिवाळीच्या आत टीव्हीचा माल भरतो. तुमचे पैसे त्याच्याकडे बिनव्याजी खेळतं भांडवल म्हणून फिरत असतात, एवढंच.

त्यात हवामानाचा भरवसा राहिलेला नाही. २०२४ च्या मे अखेरीस विदर्भ भाजून निघाला, पारा ४५ च्या वर होता, आणि ज्यांच्याकडे माल तयार होता त्यांनी नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, रोखीत विकला. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, मान्सून २४ मे रोजीच केरळात आला. नागपूरपर्यंत तो पोहोचायला जून उजाडला, पण मे महिन्यात अवकाळीनं ऊन बसूच दिलं नाही. एप्रिलमध्ये डीलरांनी भरून नेलेला माल त्यांच्या गोडाऊनमध्येच राहिला, आणि ‘विकला नाही तर पैसे कुठून देऊ’ हे तेव्हा ऐकलेलं वाक्य काहींच्या तोंडी पुढच्या सिझनलाही राहिलं. तुमची उधारी अशा वर्षातली असेल तर सगळा दोष व्यवस्थेचा नाही, थोडा आभाळाचाही आहे. पण आभाळाचा हा धोका उधारीमुळे पूर्ण तुमच्या डोक्यावर येतो, डीलरच्या नाही, हे लक्षात घ्या.

‘विक्री बरी आहे’ असं तुम्ही म्हणता, तर एक हिशोब मांडून बघा. समजा तुमचा एक मोठा कूलर डीलरला सहा हजाराला पडतो. पत्रा, मोटर, पंप, हनीकोंब पॅड, पावडर कोटिंग धरून माल ४,२०० चा, मजुरी ६००, भाडं-वीज-वाहतूक ५००. उरले ७००. हे पैसे मे ऐवजी ऑक्टोबरमध्ये आले तर पाच महिने लागले. बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेप्रमाणे उचलायच्या कर्जखात्यावर) ११ टक्के व्याज धरलं तरी २७५ रुपये त्यात गेले; बाजारातून दीड टक्का महिन्यानं उचलले असतील तर ४५० गेले. म्हणजे सातशेपैकी राहिले चारशे किंवा अडीचशे. आणि एखाद्या कूलरचे पैसे पूर्ण बुडाले तर घरातून गेलेले ५,३०० भरून काढायला आणखी आठ कूलर विकावे लागतात. तुमचे आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, ते स्वतः घालून बघा. हा कागद वडिलांसमोर ठेवायचा आहे, म्हणून तो तुमच्याच अक्षरात असू द्या, लॅपटॉपवरची शीट नको.

यात बँकेची एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सीसी खात्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्यातून किती उचलता येईल ते, काढताना साधारण ९० दिवसांवरची येणी बँक धरत नाही. म्हणजे तुमचा पैसा जितका जुना होतो तितकी तुमची लिमिटही आक्रसते, आणि नेमकी जानेवारीत, पत्रा भरायच्या वेळी, हातात काही नसतं. मग पत्रा उधारीवर महाग घेतला जातो. तुमच्याकडे हेच चाललंय असं मला वाटतं, कारण ‘पत्र्याच्या व्यापाऱ्याचे पण द्यायचे आहेत’ असं तुम्ही लिहिलंय.

आता गेटवर काय होतं ते बघू. एप्रिलमधली संध्याकाळ घ्या. यवतमाळचा डीलर साडेसातला बाबांना फोन करतो. ‘भाऊजी, पंचवीस नग आजच पाहिजे, लग्नसराई आहे.’ बाबा ‘पाठवतो’ म्हणतात. बाबांचा फोन काकाजींना जातो. छोटा हत्ती टेम्पो लागतो, पोरं माल चढवतात, कच्च्या वहीत ‘यव. २५’ एवढं लिहिलं जातं. बिल तीन दिवसांनी बनतं, तेही अकाउंटवाला आला तर. त्या तीन दिवसांत आणखी दहा नग गेलेले असतात, त्यांतले दोन बदलून आलेले असतात कारण पंप आवाज करत होता. मे अखेरीस तुम्ही डीलरला विचारता तेव्हा तो म्हणतो, ‘एवढा माल आलाच नाही, आणि दोन परत केले त्याचं काय?’ खरं कोण बोलतंय हे सांगेल असा कागद कोणाकडेच नाही. मग ‘सोडा ना भैया, सेठजी से बात हो गई है’ या वाक्यानं विषय संपतो, आणि वाद टाळायला तुम्हीही पाच-सहा हजार सोडून देता.

आणि खातं. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्याही जुन्या डीलरचं लेजर उघडा. डावीकडे बिलं वेगवेगळ्या रकमांची, ४८,३२०, ७१,५००, ३६,९४०. उजवीकडे सगळे गोल आकडे, १०,०००, २०,०००, ५,०००, आणि समोर ‘ऑन अकाउंट’. कोणते पैसे कोणत्या बिलाचे हे डीलरला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. असं खातं कधीच शून्यावर येत नाही. दरवर्षी मागची बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि आठ-दहा वर्षांत ती ‘जुनी बाकी’ या नावानं घरच्या सदस्यासारखी राहू लागते. माझ्या अनुभवात अशा जुन्या बाकीतली अर्धी रक्कम खरी उधारी नसतेच. ती न पोचलेल्या क्रेडिट नोट (बाकीतून वजावटीचे कागद), तुटफूट, शब्दानं दिलेली सूट आणि चुकलेल्या बिलांची बेरीज असते. आपण मात्र ती येणी म्हणून बँकेला दाखवतो.

म्हणून पहिलं काम वसुलीचं नाही, खाती जुळवण्याचं आहे. आत्ता, सिझन नसताना, दहा मोठ्या डीलरांकडे स्वतः जा. फोन नको. बरोबर खात्याची प्रिंट घ्या आणि पैसे मागायच्या आधी हिशोब मागा: ‘काका, तुमच्या वहीत किती दिसतंय?’ दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून बसलात की फरक कुठे आहे तो सापडतो. त्यांचं बरोबर असेल तिथे तिथल्या तिथे मान्य करा, क्रेडिट नोट द्या. मग उरलेल्या रकमेवर त्यांची सही आणि शिक्का घ्या. या सहीला कायद्यातही वजन आहे, कारण पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मुदतीच्या आत मिळालेली लेखी कबुली ती मुदत नव्यानं सुरू करते. पण मी ती मुख्यतः दुसऱ्याच कारणासाठी घ्यायला सांगतो. ज्या आकड्यावर माणसानं स्वतः सही केली तो आकडा तो पुढे भांडत नाही.

या भेटींत तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसेल. सगळ्यात जास्त माल उचलणारा डीलर आणि सगळ्यात चांगला डीलर ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. भंडाऱ्याचा एखादा लहान दुकानदार तीस नग नेतो आणि पंधरा दिवसांत देतो; त्याला आपण सिझनमध्ये ‘माल संपला’ सांगून चंद्रपूरच्या मोठ्याला दोनशे पाठवतो, जो दिवाळीला निम्मे देतो. डीलरांची यादी नगांवर लावू नका. पैसे यायला किती दिवस लागले त्यावर लावा. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात माल कमी पडला की तो कोणाला जायचा हे या यादीवरून ठरू द्या. हीच तुमची खरी ताकद आहे, कारण नवतपात डीलरला तुमच्या दरापेक्षा तुमचा माल हवा असतो.

कायद्याबद्दल थोडंच लिहितो, कारण लोक त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवतात. तुम्ही स्वतः माल बनवता, त्यामुळे उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचं संरक्षण तुम्हाला आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रारही करता येते. शिवाय आयकरात २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून एक कलम लागू झालं (तेव्हाच्या कायद्यात ४३बी(एच)). मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच मिळतो. मोठ्या शोरूमवाल्यांचे सीए मार्चमध्ये यामुळे जागे होतात, त्याचा फायदा घ्या, बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. पण तुमचे निम्मे डीलर खर्चाचा हिशोब न देता ठोक टक्केवारीनं उत्पन्न दाखवून रिटर्न भरत असतील, त्यांना या कलमाचा काहीच धाक नाही. आणि ज्याच्याविरुद्ध तुम्ही कौन्सिलकडे गेलात तो परत तुमचा डीलर राहत नाही. जो धंद्यातून उठलाय किंवा फोनच उचलत नाही त्याच्यासाठी तो रस्ता ठेवा. नोंदणी नसेल तर आजच करून घ्या, फुकट आहे.

आता काकाजी. तुम्ही लिहिलंय, ‘मी सांगितलं होतं की मला विचारल्याशिवाय माल पाठवू नका, तरी पाठवतात.’ जरा त्यांच्या जागी उभे राहून बघा. ज्या माणसानं त्यांना कामावर घेतलं, मुलीच्या लग्नात मदत केली, त्याचा फोन येतो, ‘गाडी लाव.’ ते काय म्हणणार? ‘थांबा, छोट्या मालकांना विचारतो’? ते तुमची अवज्ञा करत नाहीत, ते मालकाची आज्ञा पाळतायत. कारखान्यात मालक दोन आहेत ही त्यांची चूक नाही. बरं, माल पाठवला तर तुम्ही रागावता, नाही पाठवला तर बाबा. अशा जागी कोणीही माणूस जुन्या मालकाकडेच झुकतो. त्यांना काढून उद्या दुसरा आणलात तरी सहा महिन्यांत तोही ‘ऐकत नाही’ होईल.

शिवाय काढायचा खर्च मोजलाय का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी ग्रॅच्युइटी लागते. नोकरीची चोवीस वर्षं झालेल्या माणसाचा मूळ पगार महागाई भत्त्यासकट वीस हजार धरला तर २०,००० × १५ ÷ २६ × २४, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर जातं. ते त्यांच्या हक्काचं आहे, आज ना उद्या द्यायचंच आहे, त्यामुळे त्याची तरतूद तसंही सुरू करा. पण खरा खर्च वेगळाच आहे. तुमची सिझनची पोरं बालाघाट-भंडाऱ्याकडून येतात ना? ती कोणाच्या ओळखीनं येतात? बहुतेक ठिकाणी ती हेड मिस्त्रीच्या शब्दावर येतात आणि त्याच्यामागे जातात. फेब्रुवारीत काकाजी गेले तर मार्चमध्ये पत्र्याच्या बेंडिंगवर आणि फिटिंगला कोण उभं राहणार, ते आधी ठरवा.

मी काय करतो ते सांगतो. आधी बाबांशी बोलणं, काकाजींशी नंतर. आणि बाबांशी बोलताना ‘तुम्ही उधार देऊ नका’ असं म्हणायचं नाही. तीस वर्षं ज्या शब्दावर धंदा केला तो शब्दच मागे घ्यायला सांगितल्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या शब्दामुळेच तुम्हाला आज डीलर आहेत. त्यांना म्हणा, ‘बाबा, प्रत्येक डीलरच्या उधारीची हद्द आपण दोघं मिळून ठरवू.’ जुळवलेल्या खात्यांचा कागद आणि सातशे रुपयांचा हिशोब समोर ठेवा, आणि हद्दीचा आकडा त्यांच्याच तोंडून येऊ द्या. बहुतेक वेळा वडिलांचा आकडा मुलापेक्षा कडक निघतो! कोण बुडवा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, फक्त फोनवर नाही म्हणता येत नाही. वर त्यांचा स्वतःचा एक कोटा ठेवा, समजा वर्षाला तीन-चार लाखांचा, जो ते कोणालाही, कुठल्याही कारणानं उधार देऊ शकतात. मित्र असेल, जुना डीलर अडचणीत असेल, तुम्ही विचारायचं नाही. कोटा संपला की संपला. हा मार्ग मी बऱ्याच घरांत वापरला आहे आणि बाप-लेकांची भांडणं त्यानं निम्म्यावर आलेली पाहिली आहेत. काही घरांत मात्र बाबा जानेवारीतच कोटा संपवून टाकतात. तिथे आईला मधे घ्यावं लागतं. त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

मग तो कागद मोठ्या अक्षरात छापून डिस्पॅचच्या टेबलामागे लावा. डीलरचं नाव, हद्दीची रक्कम, बस. आणि काकाजींना बाबांच्या समोर सांगा की हद्दीच्या पुढची गाडी लावायची नाही, मग फोन बाबांचा असो की माझा असो. ‘माझा असो’ हे शब्द विसरू नका, त्यांच्याशिवाय ही सोय फक्त बाबांविरुद्ध वाटेल. चलान (माल गेल्याची चिठ्ठी) तीन प्रतींत, गाडी सुटायच्या आधी, डीलरच्या किंवा ड्रायव्हरच्या सहीनं. परत आलेला नग त्याच वहीत लाल शाईनं. बिल त्याच दिवशी. काकाजींना बिल बनवता येत नसेल तर चलानाचा फोटो अकाउंटवाल्याला व्हॉट्सॲप करणं तरी जमतंच. आजवर ज्या माणसाला कोणीतरी एक रोज रागवायचं, त्याला ‘बोर्डावर लिहिलंय साहेब, मी काय करू’ एवढं म्हणायची सोय मिळाली की तोच तुमचा सगळ्यात कडक पहारेकरी होतो. आणि बसून त्यांना एकदा विचारा, कोणाचा माल पोचा पडून परत येतो, कोण पंप बदलून जुना पाठवतो. डीलरांबद्दल जे तुमच्या टॅलीत नाही ते सगळं त्यांच्या डोक्यात आहे.

आठ-नऊ माणसांना पावसाळ्यात काय काम द्यायचं, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. पत्र्याचं शिअरिंग (कापणं), बेंडिंग (वाकवणं), स्पॉट वेल्डिंग आणि पावडर कोटिंग ज्याच्याकडे आहे तो रॅक, लॉकर, धान्याच्या कोठ्या बनवू शकतो. ऑर्डर हातात असेल तरच बनवा. नवा माल बनवून पुन्हा त्याच डीलरांना उधारीवर देणार असाल तर माणसं रिकामी बसलेली स्वस्त पडतात.

राहिली जाहिरात. रोखीचं गिऱ्हाईक वाढवायला ती उपयोगी आहे, आणि त्या एका कारणासाठी मी तिला हो म्हणेन. ब्रँड वगैरे दीड लाखात होत नाही. त्या पैशात तुम्ही प्लॅस्टिक बॉडीच्या मोठ्या कंपन्यांशी टीव्हीवर लढणार नाही आहात. पण नागपुरात लाखभर घरांत जुने लोखंडी कूलर असतील असं कोणीही गच्च्या आणि खिडक्या बघून म्हणेल, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या प्रत्येकाला ताट्या बदलायच्या असतात, पंप टाकायचा असतो, टाकी गळत असते. मानेवाडा, नंदनवन, प्रतापनगर अशा दोन-तीन भागांत ‘जुना कूलर तयार करून देतो, घरी येऊन’ एवढंच घ्या. दोन पोरं, एक ॲक्टिव्हा, ताट्या आणि पंप. पैसे हातोहात. तिथेच दहातल्या एकाला नवा कूलर लागतो. गूगल मॅपवर कारखान्याची नोंद, खरे फोटो, मराठी आणि हिंदीत वर्णन, आणि काम झालेल्या गिऱ्हाइकाकडून तिथल्या तिथे अभिप्राय. याला पैसे लागत नाहीत. उरलेल्या पैशातले पंचवीस-तीस हजार फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, फक्त त्या भागांपुरते, मोबाइलवरच्या जाहिरातीत घाला. मेमध्ये जाहिरात बंद. तेव्हा ऊनच तुमची जाहिरात करतं.

विद्यार्थ्यांची होस्टेल, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास यांच्याकडे जानेवारीतच फिरा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या. डीलरांनाही जानेवारीत बुकिंग द्या. माल उचलताना रोख देणाऱ्याला तीन टक्के सूट. सहा हजारावर १८० रुपये होतात, आणि वर बघितलं तसं उधारीत तुमचे २७५ ते ४५० जातायतच. ही सूट मात्र बिलावर द्या, नंतर ‘बघू’ नको. आणि पैसे नाही आले तर दिलेली सूट काढून घ्यायची, एकालाही माफ करायची नाही, नाहीतर सगळ्यांचा भावच तीन टक्क्यांनी उतरेल.

एक काळजी घ्या. थेट गिऱ्हाइकाला विकताना भाव डीलरच्या दुकानातल्या भावापेक्षा कमी ठेवू नका. सक्करदऱ्यातला तुमचा डीलर सात हजार दोनशेला विकतो आणि तुम्ही कारखान्यातून साडेसहा हजाराला दिलात, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जाईल, आणि तो तुमची बाकी द्यायचं कारण शोधतच होता. घरपोच फिटिंग फुकट द्या, पहिल्या वर्षाची सर्व्हिस द्या, भाव तोच ठेवा. शहराबाहेरून चौकशी आली तर त्या गावच्या डीलरकडे पाठवा आणि त्याला फोन करून सांगा की गिऱ्हाईक मी पाठवलंय. अशा दोन गिऱ्हाइकांनंतर वसुलीचा फोन करताना तुमचा आवाज वेगळा असतो.

क्रम एवढाच ठेवा: दिवाळीपर्यंत खाती जुळवणं, डिसेंबरात बाबांबरोबर हद्दीचा कागद, जानेवारीत बुकिंग, फेब्रुवारीत ताट्या. काकाजींचा निर्णय पुढच्या पावसाळ्यात घ्या. माझा अंदाज आहे तोवर तो घ्यावा लागणार नाही. आणि जाहिरातीवर, बिलावर, कूलरच्या मागच्या स्टिकरवर जो मोबाइल नंबर छापाल तो कारखान्यासाठी नवा घ्या. सध्या सगळीकडे बाबांचा आहे.